खाली मान

चार दिवस तो बोलला नाही.
उजव्या डोळ्याच्या कडेला विजा चमकत होत्या,
काळे ठिपके पोहत होते. म्हणे, काजळी असेल,
तोनेत डोकं घालून जन्म गेला, थोडी उरणारच.
थंड चहाच्या पाण्यानं डोळा धूत राहिला.
पाचव्या पहाटे त्याच्या हातची शोती
भट्टीच्या भिंतीला न लागता निखाऱ्यांत पडली.
एक्केचाळीस वर्षांत पहिली.
तेव्हा फळीवर बसला आणि म्हणाला,
त्सियाला, नाकाच्या बाजूनं कुणीतरी पडदा ओढतंय.

पिठाच्या कपड्यांनीच आम्ही मिनीबसमध्ये बसलो.
कुताईसी मागं, पुढं रिकोतीचा घाट.
तो डावा डोळा झाकून सारखा मोजायचा, किती उरलंय.
डोंगर अर्धेच होते.

तिब्लिसीत थेंब घातले, बाहुली मोठी होईपर्यंत बसवून ठेवलं.
डॉक्टर नेस्तान आमच्या धाकटीच्या वयाची,
कपाळावर दिवा, हातात भिंग.
वर बघा. खाली. नाकाकडे. कानाकडे.
माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांत इतक्या जवळून, इतका वेळ
मी कधी पाहिलं नव्हतं.
मग तिनं कागदावर एक वर्तुळ काढलं,
सुटलेला भाग निळ्या पेन्सिलीनं भरला,
लाल पेन्सिलीनं घोड्याच्या नालासारखी फट.
इथून पाणी मागं शिरलंय, म्हणाली. पडदा सुटत चाललाय.
मधोमध पोचायच्या आत आजच टेबलावर घेते.

जुम्बेरला माझ्याआधी कळलं.
"भिंत ओली असली की भाकर सोडते," तो म्हणाला.
नेस्तानची पेन्सिल थांबली.
"हो. मग पुन्हा लावून दाबून धरायची."
"हातानं?"
"वायूच्या बुडबुड्यानं."

तीन बारीक छिद्रं. आतला घट्ट रस काढला,
मागचं पाणी शोषलं, फटीभोवती लेझरचे ठिपके.
डाव्या डोळ्यातही एक विरलेली जागा सापडली होती,
तिलाही नंतर टोचे घातले, फाटायच्या आधीच.
आणि म्हणाली, बुडबुडा वर चढतो, तुमची भिंत मागं आहे.
तेव्हा आठ दिवस खाली मान. जेवताना, झोपताना.

खाली मान!
बंदुका घेऊन पीठ मागायला आलेल्या पोरांपुढं
ज्यानं ती घातली नव्हती, त्या वर्षी, त्या अंधारात.
तोनेपुढं तेवढी रोज घालायचा.

भाचीच्या घरी, नवव्या मजल्यावर,
तो उशीवर कपाळ टेकून फरशी बघत बसे.
तिसऱ्या दिवशी म्हणाला, तुझ्या टाचा फुटल्यात.
केव्हापासून?
मी म्हटलं, एक्केचाळीस वर्षं.
त्या रात्री मी जमिनीवर उताणी पडले,
त्याच्या तोंडाखाली, कशी दिसते विचारायला.
धुकं, म्हणाला. पण तूच आहेस.

घरी जाता येईना. बुडबुडा विरेपर्यंत घाट चढायचा नाही,
उंचीवर वायू फुगतो, दाबानं डोळा जाईल.
म्हणजे डोळ्यातल्या थेंबभर हवेनं
आमच्या दोघांची वाट अडवली होती.
पलीकडून मुलाचे फोन: शोती करपते, गिऱ्हाइकं बोलतात.
जुम्बेर जमिनीकडे बघत शिव्या द्यायचा आणि सांगायचा,
हात ओला कर, भिंत नाही.

मान वर करायची मुभा मिळाल्यावर त्याला एक रेघ दिसू लागली,
परातीतल्या पाण्यासारखी हलणारी. रोज थोडी खाली.
सातव्या आठवड्यात मणी उरला.
एका सकाळी केस विंचरताना म्हणाला, गेला.

परतताना घाटात त्यानं पुन्हा डावा डोळा झाकला.
"विजेचे खांब वाकडे लावलेत."
मी बघितलं. सरळ होते.
"हो," मी म्हटलं, "जरासे."
"खोटारडी," तो म्हणाला,
आणि पुढच्या खांबापर्यंत हात डोळ्यावरून काढला नाही.